तक्त्यातला दुसरा रकाना

दादाराव, तुझ्या शोकसभेत मला बोलायला लावलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या होत्या. टेबलावर तुझा फोटो होता, ओळखपत्रावरचाच मोठा करून आणलेला, त्यामुळं कुणीतरी नुकताच दम दिल्यासारखा तू दिसत होतास. सूत्रसंचालकानं माझी ओळख ‘सरांचे जिवलग मित्र आणि आपले केंद्रप्रमुख’ अशी करून दिली. मी आठ-दहा मिनिटं बोललो. डी.एड.ची वर्षं, उस्मानपुऱ्यातली आपली खोली, तुझी ब्रेक नसलेली सायकल. दोन-तीन जणांनी डोळे पुसले. मी बोललेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खाली बसलो तेव्हा लक्षात आलं, जे सांगायला उभा राहिलो होतो तेवढं सोडून सगळं सांगून झालं. आता तुझे जुने विद्यार्थी एक छोटी पुस्तिका काढतायत. त्यांनी माझ्याकडं चार पानं मागितलीत. राहिलेलं इथं लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आपला वाद डी.एड.च्या पहिल्याच वर्षी सुरू झाला. तुझा सराव पाठ होता, सहावीच्या वर्गावर. तू एका पोराला इंग्रजीत विचारलंस, काल कुठं गेला होतास. तो म्हणाला, ‘वेंट मामा.’ तू म्हणालास, ‘व्हेरी गुड. मामा गुड?’ आणि पुढं पाच मिनिटं तुमचं दोघांचं त्या मामाच्या गावाबद्दल असल्याच दोन-दोन शब्दांत चाललं. मागं बसलेल्या मार्गदर्शक मॅडम भराभर लिहीत होत्या. पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, यात एक तरी पूर्ण वाक्य होतं का? तू म्हणालास, “पण मॅडम, त्याला दोन मामा हायत हे कळलं ना.” तुला तो पाठ पुन्हा घ्यावा लागला.

संध्याकाळी क्रांती चौकातल्या गाड्यावर चहा पिताना मी मॅडमची बाजू घेतली. मला तेव्हाही नियम आवडायचे. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, क्रियापद लागतं, आणि दोन्ही असूनही अर्थ लोंबकळत राहता कामा नये, असं मी तुला बोटांवर मोजून सांगितलं. तुझं म्हणणं वेगळं होतं. आपण मराठीत ‘आलो’ म्हणतो. एकच शब्द, पण कोण आलं ते त्यातच कळतं. तेच पोरगं इंग्रजीत नुसतं ‘केम’ म्हणालं, तर त्यानं कर्ता गाळलेला नसतो, त्याच्या मते तो आत बसलेलाच असतो. ‘मी मास्तर’ हे आपल्याकडं अख्खं वाक्य, त्यात क्रियापद कुठाय? मी म्हणालो, इंग्रजीला हे चालत नाही. तिथं कर्ता दारात उभा करावाच लागतो. पाऊस पडायचा तरी आधी ‘इट’ नावाचा कुणीतरी उभा करतात. तू कपातला चहा बशीत ओतलास आणि विचारलंस, “हा इट कोन रे? कुनाचा पोरगा?” गाडेवालाही हसला. मी हसलो नाही. तू म्हणालास, “उत्तम, तुझ्या बापानं लई विचार करून नाव ठेवलं. जन्मभर शेरेच मारनार तू.”

पुढं आपल्याला नोकऱ्या एकाच तालुक्यात लागल्या, शाळा वेगळ्या. शहरातून सकाळची एसटी आणि फाट्यावरून जीप. जीपमध्ये तू मागं उलटा बसायचास आणि मला तुझ्या वर्गातल्या गोष्टी सांगायचास. दर सोमवारी तुझी मुलं घरातलं, शेतातलं एकेक इंग्रजी शोधून आणायची. खताच्या गोणीवरचं, मोटारीच्या स्टार्टरवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं. मग तुम्ही सगळे मिळून ठरवायचात, हे वाक्य आहे का नाही. ‘यूज नो हुक्स’वर तुमचा अख्खा तास गेला होता. कर्ता दिसत नाही, म्हणून अर्धा वर्ग नाही म्हणत होता. एक मुलगी म्हणाली, सर, गोणी आपल्यालाच सांगतीय ना, आकडा लावू नको म्हणून, मग कर्ता म्हणजे आपणच. हे सांगताना जीपमध्ये तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. मी गेली सहा वर्षं आज्ञार्थी वाक्यातला अध्याहृत कर्ता शिकवत होतो. माझ्या वर्गात असं कुणी कधी बोललं नव्हतं.

तुझी आणखी एक पद्धत होती, ती मी कुठल्याही प्रशिक्षणात पाहिली नाही. मुलानं उभं राहून आपलं वाक्य म्हणायचं आणि गप्प राहायचं. बाकीच्यांनी काही बोलायचं नाही. त्यानं फक्त समोरच्यांचे चेहरे बघायचे. ‘व्हेन माय फादर केम होम’ म्हणून एक पोरगा थांबला, आणि सगळा वर्ग माना पुढं काढून त्याच्याकडं बघत राहिला. तू विचारलंस, झालं का? तो म्हणाला, “नाय सर, अजून वाट बघायलेत.” त्यात कर्ता होता, क्रियापद होतं, बापही घरी आला होता. तरी झालं नव्हतं. व्याकरणाच्या पुस्तकात यावर दोन पानं असतात. ते पोरगं चेहऱ्यांवरून शिकलं.

दौलताबादची सहलही तू मुलांना परदेशी पाहुण्यांशी बोलता यावं म्हणूनच काढलीस. किल्ल्याच्या पायऱ्यांवर एका परदेशी बाईनं तुझ्या पाचवीतल्या पोराला वय विचारलं. तो म्हणाला, ‘टेन. यू?’ बाई आधी दचकली, मग हसली आणि तिनं आपलं वय सांगून टाकलं. हा किस्सा तू किमान पन्नास वेळा सांगितला असशील. “दोन शब्दांत वय काढलं बाईचं. तुझा पूर्ण वाक्यवाला असता तर अजून ‘आय ॲम’ जुळवत बसला असता.”

मी हे सगळं ऐकायचो. कौतुकानं ऐकायचो असं शोकसभेत म्हणालो. ते अर्धं होतं. मी जळायचो, दादाराव. माझी मुलं प्रश्न विचारला की उठून उभी राहायची, प्रश्नातलेच शब्द फिरवून उत्तरात लावायची, शेवटी स्वतःचा एक शब्द चिकटवायची आणि खाली बसायची. सगळं बिनचूक. ती माझ्याशी कधीच बोलली नाहीत.

मग मी तालुक्याला इंग्रजीचा विषयतज्ज्ञ झालो. शाळाशाळांत जाऊन मुलांची तोंडी चाचणी घ्यायची आणि प्रत्येक शाळेला अ, ब, क, ड यातली एक श्रेणी द्यायची, असं काम आलं. तक्ता मी तयार केला. तुला दाखवला. तू म्हणालास, यात एकच रकाना आहे, ‘वाक्य पूर्ण आहे का’. त्याच्या आधी आणखी एक घाल, ‘सांगितलेलं कळलं का’. मी घातला. तो रकाना तुझा होता. श्रेणी देताना कुठला रकाना धरायचा, हे मात्र कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते माझ्यावर होतं. श्रेण्या गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या सहीनं जायच्या, त्यामुळं त्या तेच देतात असं शाळांना वाटायचं.

तुझ्या शाळेत आलो तो दिवस मला अजून तसाच दिसतो. दिवाळीनंतरचे दिवस. तू माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होतीस. मी एकेका मुलाला पुढं बोलवत गेलो. ती घाबरत नव्हती. तुटक बोलत होती, पण बोलत होती, आणि मधेच मलाच प्रश्न विचारत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीला मी इंग्रजीत विचारलं, तू काल गैरहजर का होतीस? ती म्हणाली, ‘कॉटन.’

मी पूर्ण वाक्याची वाट बघत बसलो. ती माझ्याकडं बघत राहिली. मी परत विचारलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ती मोठ्यांदा म्हणाली, ‘कॉटन, सर’, आणि हातानं कापूस वेचून दाखवला. तू दारातून विचारलंस, “कळलं का नाय तुला?” मी म्हणालो, कळलं. “मग?” मुलं हसली. तुझ्याकडं बघून हसली, प्रेमानं. मला ती माझ्यावर हसल्यासारखी वाटली.

त्या हसण्यात काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात बसून मी श्रेण्या भरल्या. सोळा शाळांचे तक्ते समोर होते. पंधरा शाळांना मी पहिला रकाना धरला, ‘कळलं का’ तो, कारण दुसरा धरला असता तर सगळा तालुकाच खाली गेला असता आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तुझ्या तक्त्यात पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा होत्या. एकही फुली नव्हती. असा तक्ता दुसरा नव्हता. दुसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळ्या फुल्या. तुझ्या शाळेला मी दुसरा रकाना धरला. ड लिहिलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांना पूर्ण वाक्य बोलता येत नाही. शिक्षकाची अध्यापन पद्धती सदोष.’ मी चहा मागवला आणि पुढचा तक्ता घेतला.

मला वाटलं होतं, एखादी समज मिळेल तुला. आपल्या वादात मी एकदा तरी वर राहीन. पण ड फक्त तुझ्या शाळेला मिळाला होता, त्यामुळं सगळ्यांचं लक्ष तिथंच गेलं. साहेबांनी माझा शेरा जसाच्या तसा टाइप करून घेतला आणि खाली स्वतःची सही केली. सेवापुस्तकात नोंद झाली. इंग्रजी तुझ्याकडून काढून दुसऱ्या शिक्षकाकडं दिलं. तुला कार्यानुभव, शारीरिक शिक्षण आणि खिचडीवर देखरेख.

तू तो कागद घेऊन रविवारी माझ्याकडं आलास. बसलासुद्धा नाहीस. “ह्या साहेबाला स्वतःला इंग्रजीत अर्ज लिहिता येत नाय, आन् माझी पद्धत सदोष म्हनतो,” म्हणालास. त्या शब्दांत माझा हात तुला ओळखू आला नाही. ज्याला माझं एकेक वाक्य पाठ होतं, त्याला. मग तू म्हणालास, “उत्तम, तू होतास ना तिथं. तू सांग त्याला, पोरं कशी बोलतेत ते.”

मी म्हणालो, सांगतो.

महिन्याभरानं तू विचारलंस. मी म्हणालो, दोनदा बोललो, ऐकत नाहीत. मी एकदाही बोललो नव्हतो. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, जाऊ दे, माझ्यापायी तू वाईट होऊ नको. त्यानंतर तू लोकांना माझी ओळख करून देताना सांगायचास, ह्या माणसानं माझ्यासाठी साहेबाशी वाकडं घेतलं. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी काहीतरी पुटपुटलो. पुढं पुढं नुसता हसायचो. असं अकरा वर्षं चाललं. दरम्यान मी केंद्रप्रमुख झालो, साहेब बदलले, आणि तुझा विषय तुला परत देणं माझ्याच शिफारशीवर येऊन ठेपलं. मी शिफारस केली नाही. कारण ती करायची तर जुना कागद काढावा लागला असता.

तू खो-खोचा संघ काढलास. तो जिल्ह्यापर्यंत गेला. लोक म्हणाले, बघा, सरांनी मनाला लावून घेतलं नाही. जीपमध्ये तू आता समोर तोंड करून बसायचास. वर्गातल्या गोष्टी सांगत नव्हतास. मी विचारतही नव्हतो.

तुझ्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी तीन वेळा आलो. तिसऱ्या वेळी सगळं सांगायचंच असं ठरवून आलो होतो. गाडी लावताना पहिलं वाक्य घोकलं. तू मास्क बाजूला करून दाराकडं बोट दाखवलंस. तिथं ‘नो एंट्री’ लिहिलं होतं. “पूर्ण वाक्य व्हय का रे हे?” मी म्हणालो, नाही, क्रियापद नाही. “तरी कुनी आत येईना बघ,” म्हणालास, आणि त्या हसण्यानं तुला खोकला आला. नर्सनं मला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकड्यावर मी अर्धा तास बसून होतो. परत आत जाता आलं असतं. नर्स नंतर स्वतः सांगायला आली होती की जा, दोन मिनिटं भेटा. मी म्हणालो, झोपू दे त्याला.

आपल्या वादाचं म्हणशील तर, मला अजून वाटतं की माझंही काही चूक नव्हतं. ‘कॉटन’ हे तुला आणि मला कळतं, कारण दिवाळीनंतर त्या गावात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या मुलीला उद्या शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत मुलाखतीला बसायचं असेल, आणि समोरच्यानं कापसाचं शेत बघितलेलं नसेल, तर तिला सगळं मांडून सांगावं लागेल, कोण, काय, कधी. पूर्ण वाक्य हे परक्या माणसासाठी असतं. ऐकणाऱ्याला परत विचारावं लागू नये, तेच पूर्ण वाक्य, असं तू नेहमी म्हणायचास. पण ऐकणारा कोण ते तू कधी सांगितलं नाहीस. हे मी तुझ्याशी भांडून बोलायला हवं होतं, चौकात, चहा पिताना. तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. मी फुल्यांचा रकाना धरला आणि वाद तिथंच संपवला.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी टीव्ही सेंटर भागातल्या तुझ्या घरी गेलो. मूळ तक्ता इतकी वर्षं माझ्याकडं होता. फाडायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही. सुमनवहिनी तुझी पुस्तकं खोक्यात भरत होत्या. मी कागद पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला, आणि एकेक विचारत गेल्या. ह्या बरोबरच्या खुणा कशाच्या? मी सांगितलं, मुलांचं बोलणं कळलं, त्याच्या. आणि ह्या फुल्या? वाक्य अपुरं, त्याच्या. मग शाळेला ड का? मी फुल्या धरल्या म्हणून. बाकीच्या शाळांच्या पण फुल्याच धरल्या का? नाही, म्हणालो, त्यांच्या बरोबरच्या खुणा धरल्या.

“साहेबाशी बोलला होतात ना तुम्ही?”

“नाही, वहिनी.”

त्या रडल्या नाहीत. खोक्यातली पुस्तकं नीट दाबून बसवली. मग विचारलं, हे ते असताना का नाही सांगितलं. मी म्हणालो, दोस्ती तुटली असती.

“तुटली असती,” त्या म्हणाल्या. “सालभर बोलले नसते तुमच्याशी. तोंड बघितलं नसतं. पन हा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी हापिसात गेले असते आन् आपला वर्ग परत मागितला असता. भाऊजी, तुम्ही दोस्ती राखली. वर्ग गेला त्यांचा.”

अकरा वर्षं मी या गोष्टीचा विचार केला होता, असं मला वाटत होतं. त्यात तू रागावतोस, मी माफी मागतो, तू माफ करतोस किंवा करत नाहीस, एवढंच असायचं. तू कागद घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढतोयस, हे मला एकदाही दिसलं नव्हतं. सारा विचार माझाच होता.

मी तक्ता त्यांच्याकडं ठेवू लागलो. त्यांनी तो परत माझ्या हातात दिला. मला घरात ठेवून काय करायचा, म्हणाल्या, जिथून आणला तिथं द्या.

काल दिला. सोबत हातानं लिहिलेला दोन पानांचा अर्ज. कुठली श्रेणी, कुणी दिली, कशी दिली, बाकी पंधरा शाळांना काय केलं, साहेबांशी बोललो म्हणून खोटं कसं सांगितलं, सगळं. आवक-जावकचा कारकून माझ्या ओळखीचा. त्यानं उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर खाली बसला.

“सर, आता कशाला हे? संबंधित कर्मचारी तर वारले. मयत म्हणून फाईल बंद होईल बघा.”

मी म्हणालो, “संबंधित कर्मचारी मी आहे. मी आहे अजून.”

त्यानं माझ्या निवृत्तीला किती राहिलं ते विचारलं. वीस महिने, म्हणालो. त्यानं पेनचं टोपण काढलं. मग रजिस्टर ओढलं, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि पोच माझ्याकडं सरकवली.

चौकशी लागेल की नाही, माहीत नाही. लागावी असं वाटतं. कुणीतरी समोर बसून विचारावं, तुम्ही असं का केलं, आणि मी उठून न जाता सांगावं. तू तर मला कधी विचारलंच नाहीस, दादाराव. तुझा माझ्यावर विश्वास होता.